एमएआयबीचे अपघात अहवाल: फुकट आहेत, पण चाळून उपयोग नाही

ब्रिटनची मरीन ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्रांच, म्हणजे एमएआयबी, जहाजांच्या अपघातांचे अहवाल सरकारी वेबसाइटवर ठेवते. पैसे नाहीत, लॉगिन नाही. जहाजाचा प्रकार निवडला की यादी समोर. मी कार कॅरियरवर चीफ ऑफिसर आहे, तेव्हा हा रिव्ह्यू डेकवरच्या माणसाचा समजा.

साउदॅम्प्टनचं हे ऑफिस १९८९ सालचं. त्याआधी दोन वर्षं 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी बो-डोअर (पुढचं दार) उघडं ठेवूनच बेल्जियममधल्या झीब्रुगेहून सुटली होती आणि १९३ माणसं गेली होती. दोषी ठरवणं हे यांचं कामच नाही. दिलेला जबाब कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर जात नाही, म्हणून माणसं बोलतात. अहवालात जहाजाचं नाव असतं, माणसांचे फक्त हुद्दे. अपघाताची बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, 'वॉचवर कोण होता?' इथे ते दोन ओळींत उरकतं. बाकीची पानं, त्या माणसाला ते सगळं नेहमीसारखंच का वाटलं, यावर.

'होएग ओसाका'चा अहवाल घ्या. ३ जानेवारी २०१५ला साउदॅम्प्टनहून गाड्या भरून निघालेलं हे जहाज ब्रॅम्बल बँक या रेतीच्या उथळ पट्ट्याजवळ वळताना ४० अंशांहून जास्त कललं. माणसं सगळी वाचली. तेव्हा बातम्यांत आलं की ते मुद्दाम रेतीवर चढवलं. अहवाल सांगतो, तसं काही नाही: कलल्याने प्रोपेलर आणि रडर, म्हणजे सुकाणू, निकामी झाल्यावर ते वाहत जाऊन टेकलं. पण खरी गंमत त्याच्या आधीच्या पानांत आहे. नेहमी आधी लागणारी जर्मन बंदरं या वेळी नंतर होती, तरी लोडिंग प्लॅन जुन्याच हिशेबाचा. बॅलास्ट टाक्यांचे (जहाज तोलायला पाणी भरतात त्या) बहुतेक गेज बंद, त्यामुळे आकडे अंदाजाने लिहिलेले. मालाची वजनंही अंदाजाची. आणि स्टॅबिलिटीचं, म्हणजे कललेलं जहाज सावरेल का याचं, गणित जहाज सुटल्यावर करायची पद्धतच पडलेली. यातलं एकेक कुणाच्या ना कुणाच्या जहाजावर आजही चालू असेल, पैज लावतो. कार्गो चालू असताना 'स्टॅबिलिटी नंतर बघू' म्हणणाऱ्या पोर्ट कॅप्टनपुढे (बंदरात माल चढवण्याचं काम बघणाऱ्यापुढे) ठेवायला यापेक्षा चांगला कागद माझ्याकडे नाही.

'ओविट'चाही जरूर वाचा. २०१३ साली हा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकेवर चढला. एक्डिसवर, म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, आखलेला रूट थेट त्या बँकेवरूनच जात होता, आणि अलार्मचा आवाज येतच नव्हता. एक्डिसवर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्या थर्ड मेटला मी आधी हाच अहवाल देतो.

आता तक्रारी. वेळ फार लागतो. 'होएग ओसाका'चा अहवाल यायला मार्च २०१६ उजाडला. तोवर निम्मा क्रू साइन ऑफ होऊन दुसऱ्या जहाजावर गेलेला असतो. परिशिष्टांसह पीडीएफ अवजड, जहाजावरच्या इंटरनेटवर उतरवायचा नाद करू नका, घरून पेनड्राइव्हवर घेऊन निघा. आणि शिफारशी फक्त शिफारशीच: कंपनीला उत्तर द्यावं लागतं, पण अंमलबजावणीची सक्ती नाही. सुधारणा होत नाही असं नाही, पण सावकाश. 'एमएससी नेपोली' २००७ला इंग्लिश चॅनेलमध्ये फुटली तेव्हा डेकवरच्या कित्येक कंटेनरांची वजनं कागदाशी जुळली नव्हती. भरलेला कंटेनर जहाजावर चढवण्याआधी त्याचं खरं वजन कळवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम लागू व्हायला २०१६चा जुलै उजाडला. आज न्हावा शेव्याच्या गेटवर व्हीजीएमचा, म्हणजे पडताळलेल्या वजनाचा, कागद मागतात तो याच नियमाखाली.

त्यांचं 'सेफ्टी डायजेस्ट' वर्षातून दोनदा निघतं. गोष्टी छोट्या, जहाजांची नावं काढलेली, मच्छीमार बोटी आणि छोट्या होड्याही त्यात येतात. सेफ्टी मीटिंगमध्ये वाचून दाखवायला ठीक. मला मात्र ते तितकं रुचत नाही. पूर्ण अहवालात माणूस चुकत चुकत तिथवर कसा पोचतो ते दिसतं, इथे थेट तात्पर्यच हातात येतं.

मास्टर्सच्या ओरल्सची, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या तोंडी परीक्षेची, तयारी करणाऱ्यांनी सारांश सोडून आधी 'विश्लेषण' हे प्रकरण वाचावं. परीक्षक विचारतात ते प्रश्न तिथे जवळजवळ तयारच मिळतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा उशिरासाठी कापला.