सोलापूरच्या पूर्व भागातला रविवारचा गट : पोराला नेण्याआधी घरच्यांनी जावं असा

आधी कामाचं सांगते. कन्ना चौकातून चालत जाण्यासारखं एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक रविवार सोडून एक, सकाळी अकराला हा गट बसतो. घरातलं तरुण पोर मनाच्या आजारात किंवा कशातच मन लागत नाही अशा अवस्थेत असेल, तर त्याच्या घरच्यांसाठी. फी नाही, दाराशी डबा ठेवलेला असतो, टाकायचे तर टाका. नाव-गाव लिहून घेत नाहीत. गटाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण येणाऱ्या बऱ्याच बायका घरी दुसरंच काही सांगून येतात आणि आपल्या पेठांमध्ये कोण कुठला जिना चढलं हे लपत नाही. ज्यांना पत्ता हवा त्यांना मेसेजवर देईन.

आमच्या घरचं थोडक्यात सांगते, तेही धाकट्या भावाला वाचून दाखवून, त्याने हो म्हटल्यावर. तो एमपीएससीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. निकाल मनासारखे लागले नाहीत आणि तो सोलापूरला परत आला. मग दिवसा झोप, रात्रभर जाग, जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. अप्पांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्यांना वाटायचं, पोरगं आळसावलंय, दार वाजवून म्हणायचे, "काय बे, उठ की आता." आईने रूपाभवानीला नवस बोलला. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून घ्या. प्रत्येकजण आपापल्या परीने त्याच्यावर जीवच लावत होता, पण घरातलं कुणीच एकमेकांशी या विषयावर बोलत नव्हतं.

एका रात्री मी 14416 ला फोन लावला. ही टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची मोफत सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, चोवीस तास चालणारी. सोलापूरकरांसाठी मोठी गोष्ट म्हणजे तिथे मराठीसारखंच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई न करता विचारलं: खातो का, झोपतो का, जगण्यात अर्थ नाही असं कधी बोलतो का. शेवटचा प्रश्न त्यांनी सरळ विचारला आणि मलाही त्याला तसाच सरळ विचारायला सांगितलं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असं त्या म्हणाल्या. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा म्हणाल्या. आणि मग, "घरातले तुम्ही कसे आहात?" हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर कारखान्यातल्या एका मैत्रिणीने या गटाबद्दल सांगितलं.

आत गेल्यावर मोबाईल टोपलीत ठेवायचे. सतरंजीवर गोल बसायचं, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीकडे खुर्च्या आहेत. एक निवृत्त शिक्षिकाबाई आणि एक आई, जिचा मुलगा बरीच वर्षं स्किझोफ्रेनियाच्या उपचारांवर आहे, अशा दोघी गट चालवतात. समुपदेशक असतातच, मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात. नियम बाई दर वेळी नव्याने सांगतात: इथलं इथेच ठेवायचं, बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालेल, आणि आपल्या घरात काय झालं ते सांगायचं, दुसऱ्याने काय करायला हवं होतं ते सांगायचं नाही. शेवटचा नियम पाळणं आपल्या लोकांना फार जड जातं. बाई लगेच हात वर करून थांबवतात, त्यात मामा-काकांचाही मुलाहिजा नाही.

एकदा विडी वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, विड्या कारखान्यात देऊन थेट. मुलगी बारावीत, चांगल्या मार्कांची, आणि अचानक कॉलेजला जाणं बंद. मावशी मराठी बोलतात, पण त्या दिवशी आतलं सांगताना तेलुगूवर आल्या. बाई वाक्यावाक्याला मराठीत सांगत होत्या. बोलताना मावशींचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, पान नसताना विडी वळत असल्यासारखी, आणि त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं. "पोरगी रडत नाही, त्याचीच भीती वाटते," त्या म्हणाल्या. समोर अक्कलकोटकडचे एक ट्रक चालवणारे काका होते, घरी कन्नड बोलणारे. त्यांनी सल्ला दिला नाही. आपला मुलगाही असाच कोरडा बसायचा आणि आपण गाडीत एकटे असताना रडायचो, एवढंच म्हणाले. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा चहाचा ग्लास उचलला. समुपदेशकांनी मग मुलीला कुठे, कधी दाखवायचं ते कागदावर लिहून दिलं आणि सरकारी मैत्री क्लिनिकची माहितीही दिली. ती 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी असतात, हे तिथे बसलेल्या कितीतरी आयांना ठाऊकच नव्हतं.

माझ्या मते गटाचं खरं मोल इथेच आहे. आपल्याकडे त्रास होतो त्याला डॉक्टरकडे नेतात आणि बाकीच्या घराला वाऱ्यावर सोडतात. तो दिवसातला तासभर डॉक्टरपुढे असेल नसेल, बाकीचे तेवीस तास तो आपल्यातच असतो. ते तास कसे काढायचे, हे इथे शिकायला मिळतं. "आज काय केलंस?" हा प्रश्न आमच्या घरातून गेला. आता अप्पा त्याच्या खोलीत चहा घेऊन जातात, खिडकीशी बसून स्वतःचा पितात, वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवतात आणि उठतात. कधी तो उत्तर देतो, कधी नाही.

अप्पांना तिथे आणायला वेळ लागला. आले तेव्हा दाराजवळ बसले, टोपी मांडीवर ठेवून. डॉक्टर आलेले होते, त्यांना एकच विचारलं, "गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात काय?" डॉक्टरांनी सगळ्यांनाच समजावलं: नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात फरक नाही म्हणत सोडू नका. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. जन्मभराचं प्रत्येकाचं वेगळं. अप्पांनी ते घरी येऊन आईला शब्दन् शब्द सांगितलं. नवस फेडायला आम्ही सगळे गेलो, गोळ्याही चालू आहेत, आणि दोन्हीवरून घरात वाद नाही.

कायद्याची माहितीही इथेच मिळाली. एका कुटुंबात मुलीने जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता आणि पोलीस केस होईल या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरत होते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 बाईंनी वाचून दाखवलं. अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच कायदा धरतो, तिला शिक्षा करत नाही, आणि तिच्या उपचारांची व्यवस्था करणं हे सरकारचं कर्तव्य मानतो. ही गोष्ट प्रत्येक पेठेत माहीत झाली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यायला लावला आहे. ज्यांचे दावे नाकारले गेलेत त्यांनी कलम 21 दाखवून पुन्हा भांडावं.

मुलांसाठी शेजारची खोली. पालकांना तिथे मज्जाव. कॅरम, बुद्धिबळ, सामाजिक कार्य शिकणारा एक मुलगा सोबतीला. भाऊ आधी यायचाच नाही, हल्ली येतो. काय बोलतात ते मी विचारत नाही. अभ्यासाला तो अजून लागलेला नाही, पण रात्रीचं जेवण आता आमच्याबरोबर करतो.

आता उणिवा, त्याही स्पष्ट. वर पत्रे आहेत, एप्रिल-मेमध्ये अकरा म्हणजे भट्टीच. सकाळी आठला ठेवा असं बऱ्याच जणांनी सांगूनही वेळ बदललेली नाही. जिना अरुंद आणि उभा, आजी-आजोबांना त्रास होतो. गर्दी झाली की सगळ्यांची पाळी येत नाही, मग जो धीर करून आलेला असतो तोच न बोलता परत जातो. अशांना थांबवून घेणारं एखादं माणूस हवं. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या बापांना ही वेळ जमत नाही, म्हणून सतरंजीवर बायकाच जास्त. आणि तातडीच्या प्रसंगासाठी ही जागा नाही. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर रविवारची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या, 14416 ला फोन करा. हे गटवालेही स्वतःहून सांगतात.

माझी आणखी एक मागणी आहे. आई-बापांचं ऐकणारं कुणीतरी तिथे आहे, त्रासातल्या मुलांचंही आहे. आमच्यासारख्या भाऊ-बहिणींचं नाही. घर सांभाळायचं, नोकरी करायची, स्थळ बघायला आलेल्यांना भावाबद्दल काय सांगायचं ते ठरवायचं, आणि आई-अप्पांपुढे थकलोय म्हणायची सोय नाही. बाईंकडे वेगळ्या तासाचं बोलले. चार-पाच जण जमले तर मुलांच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी सुरू करू, म्हणाल्या. सध्या मी आणि साखर पेठेतला एक मुलगा, असे दोघेच आहोत. तुम्ही कुणाचे दादा-ताई असाल आणि यायचं असेल, तर मला कळवा.