मार्क ट्वेन की ओ. हेन्री : पहिला कथासंग्रह कोणाचा घ्यावा?

अमेरिकन विनोदी कथा मुळातून वाचायच्या ठरवल्या की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही टोपणनावं, आणि दोघंही १९१० सालीच गेले. साम्य जवळपास तिथंच संपतं. एकच जाड संग्रह घेणार असाल तर माझं मत ट्वेनला. पण आधी ओ. हेन्री पाहू, कारण तो हातात घेताच आवडतो.

त्याची कथा थोडक्या पानांत संपते. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकासाठी तो आठवड्याला एक कथा देत असे, आणि ती शिस्त वाचताना जाणवते. सुरुवातीलाच माणूस डोळ्यांसमोर उभा, शेवटच्या ओळींत कलाटणी. ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ घ्या. दोन भामटे दीड हजार डॉलरच्या खंडणीसाठी एका पोराला पळवतात, आणि पोरगाच त्यांना सळो की पळो करून सोडतो. त्यांतल्या बिल नावाच्या भामट्याच्या पाठीत तो उकडलेला, चटके देणारा बटाटा टाकतो आणि वरून पायाने चिरडतो! बँकेतल्या अफरातफरीच्या आरोपावरून ओ. हेन्रीने स्वतः तुरुंगवास भोगला होता. भुरटे चोर, बेघर माणसं, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या दुकानातल्या मुली यांच्याबद्दल त्याच्या लिखाणात कायम ओलावा आहे. अडचण एकच : सलग पाच-सहा कथा वाचल्या की कलाटणीची चाहूल आधीच लागायला लागते.

ट्वेनचं तसं होत नाही. तो एकसारखा चांगला नाही, हे खरं. चार्ल्स नायडर यांनी १९५७ मध्ये संपादित केलेल्या संग्रहात ६० कथा आहेत आणि त्यातल्या काही निव्वळ भरताड आहेत. त्या खुशाल ओलांडा. पण १८९९ची ‘द मॅन दॅट करप्टेड हॅडलीबर्ग’ वाचा. प्रामाणिकपणासाठी पंचक्रोशीत नावाजलेलं गाव. एका रात्री एक अनोळखी माणूस एका घरात पोतं ठेवून जातो. त्यात म्हणे चाळीस हजार डॉलरची सोन्याची नाणी. पूर्वी अडचणीत असताना गावातल्या ज्या माणसाने मला मदत केली, त्याने तेव्हा मला काय सांगितलं होतं ते शब्द कळवावेत आणि पोतं न्यावं, एवढीच अट. मग प्रतिष्ठित घरांतून नवरा-बायको रात्रभर जागून आठवत बसतात : आपण कोणाला बरं मदत केली होती? हसता हसता पोटात गोळा येतो, कारण त्या खोलीत आपणही बसलेलो असतो.

आणि १८७४ची ‘अ ट्रू स्टोरी’. यात विनोद जवळजवळ नाहीच. लिलावात नवरा आणि सातही मुलं डोळ्यांदेखत विकली गेलेली एक कृष्णवर्णीय बाई आपली हकीकत स्वतःच्या बोलीत सांगते. विनोदी लेखकाच्या संग्रहात अशी कथा सापडते, यासाठीच मी ट्वेनला झुकतं माप देतो. ओ. हेन्रीची कृष्णवर्णीय पात्रं मात्र बरेचदा ठरावीक साच्यातली वाटतात.

भाषेचा त्रास दोघांत आहे. ओ. हेन्री जड शब्द आणि रस्त्यावरची बोली एकाच वाक्यात मिसळतो, पण कथा लहान असल्याने निभावतं. ट्वेनची १८६५ची बेडकाची प्रसिद्ध कथा बोलीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेली आहे. कालक्रमाने लावलेल्या संग्रहात ती अगदी सुरुवातीला भेटते आणि तिथंच अनेकांचं पुस्तक मिटतं. ती नंतरसाठी ठेवा. मोठ्याने वाचली तर बरीच सुटते.

रोज लोकलमध्ये वीस मिनिटंच वाचायला मिळत असतील तर माझं मत बाजूला ठेवा आणि ओ. हेन्रीचा ‘द फोर मिलियन’ हा १९०६चा संग्रह घ्या. त्यात २५ कथा आहेत. दिवसाला एकच वाचा. दोघांच्याही मूळ कथा प्रताधिकारमुक्त असून प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात, तेव्हा पैसे घालण्याआधी ‘रेड चीफ’ आणि ट्वेनची दहा लाख पौंडांच्या नोटेची कथा पाठोपाठ वाचून पाहा.