आधी मत की आधी ओळ?

‘हे कशावरून म्हणतोस?’ असं विचारलं की नववी-दहावीच्या वर्गात बहुतेक माना खाली जातात. मत असतं, पण ते पाठातल्या कोणत्या शब्दांवर उभं आहे हे दाखवायची सवय नसते. ती लावायचे दोन मार्ग आहेत. एक, तीन पायऱ्यांचा साचा: मत, आधाराची ओळ, स्पष्टीकरण. दुसरा, दोन रकान्यांची वही: डावीकडे लक्ष वेधणारे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे त्यांबद्दलचे प्रश्न, मत सगळ्यात शेवटी.

तुकारामांचा अभंग घ्या: ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं ॥’ साच्यातून हमखास येणारं उत्तर असं: तुकारामांना शब्द मौल्यवान वाटतात, आधार पहिली ओळ, कारण रत्नं मौल्यवान असतात. चूक काही नाही. पण तिसरी पायरी पहिलीचीच पुनरावृत्ती करते, आणि असं उत्तर गाईडमध्ये तयार मिळतं.

रकान्यांत ‘रत्नें’खाली ‘शस्त्रें’ येतं. मग प्रश्न पडतो: रत्नं घरात आहेतच, तर शस्त्रं ‘यत्नें’ का करायची? पुढे ‘शब्द वाटूं धन जनलोकां’ भेटतं. म्हणजे हे धन नुसतं तिजोरीत ठेवायचं नाही. ठेवायचं, घडवायचं, वाटायचं अशा तीन क्रिया समोर आल्या की मुलं आपणच म्हणतात, इथे शब्द मिरवायला नाहीत, वापरायला आहेत. हे मत ओळींतूनच निघालं, त्यामुळे आधार वेगळा शोधावा लागत नाही.

अर्थात रकाने वेळखाऊ आहेत. एका कवितेला दोन तास सहज जातात, आणि साठ वह्यांतले साठ वेगळे प्रश्न वाचायचे म्हणजे शिक्षकाची रविवारची सुट्टी गेलीच. काही मुलं डावीकडे अख्खं कडवं उतरवतात आणि उजवीकडे त्याचा अर्थ लिहितात. म्हणून डावीकडे दोन-तीनच शब्द, ही अट पहिल्या दिवसापासून घालावी. साचा तपासायला सोपा. कोणती पायरी गळाली हे लगेच दिसतं. ज्यांना एक वाक्यही सुचत नाही त्यांना तो हात देतो. शिवाय दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) पाठातला उतारा छापलेला असतो, म्हणजे स्वमताच्या, स्वतःचं मत विचारणाऱ्या, प्रश्नाला आधार पाठ करावा लागत नाही, समोरून उचलायचा असतो. तिथे घड्याळाशी शर्यत असताना साचाच कामाला येतो.

माझा कौल: नववीला वर्षभर रकाने, दहावीला दिवाळीनंतर साचा. एकच निवडायचं असेल तर रकाने, कारण रकान्यांवर तयार झालेली मुलं साचा लवकर उचलतात. उलटं क्वचितच घडतं. लिहायलाच कचरणारा वर्ग मिळाला तर मात्र साच्यापासून सुरुवात करा, पण एक नियम लावून: पहिल्या पायरीतला मुख्य शब्द तिसऱ्या पायरीत पुन्हा वापरायचा नाही.