कामोणीची भाजी आणि वत्तल: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

मला वरचेवर तोंड येतं. तिखट सोडून झालं, तूप लावून झालं. शेवटी शेजारच्या तमिळ मामींनी ‘मणत्तक्काळि खा’ म्हणून कुंडीतलं रोप दाखवलं. बघते तर ती आपली कामोणी, बांधावर नि उकिरड्याशेजारी माजणारी!

तेव्हापासून आठवड्यातून एकदोनदा भाजी होते. कोवळा पाला उकळून पाणी टाकून द्यायचं, मग मूगडाळ, लसूण, ओलं खोबरं. जुडीभर पाला शिजून मूठभर होतो. चव कडसर, लेक अजून हात लावत नाही. वत्तल म्हणजे मीठ-ताकात भिजवून वाळवलेली फळं. माटुंग्याला मिळतात. तेलात टाकली की टचटच फुगतात, दहीभाताबरोबर झकास. त्यात हिरवी फळंही असतात, म्हणून चमचाभरच.

गुण आला का? तोंड येणं कमी झालंय खरं, पण त्याच सुमारास डॉक्टरांनी बी-१२च्या गोळ्याही सुरू केल्या. त्यामुळे श्रेय एकट्या भाजीला देणार नाही. पोट साफ राहतं, ते मात्र पाल्यामुळेच.

आता जपायचं ते. कच्च्या हिरव्या फळांत सोलानिन असतं, हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतं तेच. जास्त पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, कळा. शिजवून ते नाहीसं होत नाही, काही अंश पाण्यात उतरतो एवढंच. लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा. कामोणीची फळं वाटाण्याएवढी आणि घोसात, फूल मिरचीच्या फुलासारखं पांढरं, चिमुकलं. बेलाडोना या विषारी झुडपाचं फळ मोठं, चकचकीत काळं आणि एकेकटं लागतं. ते आपल्या बांधावर उगवत नाही, पण नेटवरच्या फोटोंत दोन्हींची सर्रास सरमिसळ दिसते. ओळख पटल्याशिवाय रानातून खुडू नका.

आयुर्वेदात चरकांनी मधाबरोबर काकमाची (कामोणीचं संस्कृत नाव) थेट ‘मरणाय’, म्हणजे जिवावर बेतणारी, म्हटलीय आणि वाग्भटांनी रात्रभर ठेवलेली निषिद्ध मानलीय. कारण पटो न पटो, उरलेली भाजी मी सकाळच्या डब्यात देत नाही.

‘लिव्ह ५२’ या यकृताच्या औषधात काकमाची आहे म्हणून कच्च्या पाल्याचा रस पिणारेही भेटले. कावीळ झालेल्याने असले प्रयोग घरी करू नयेत, आधी रक्त तपासावं. गरोदरपणीही वैद्यांना विचारूनच.