जुन्या बुलेटच्या प्रायमरीत लाल तेल: पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

माझी गाडी नव्वदच्या दशकातली, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५०. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, सेल्फ नाही. गेल्या मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तिच्या प्रायमरी चेनकेसमधलं (इंजिनाच्या डाव्या बाजूची चेन आणि क्लचची बंद पेटी, थोडक्यात ‘प्रायमरी’) २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल काढून एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, भरलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कारमध्ये आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये टाकतात तेच हे लाल तेल. त्यानंतर साताऱ्याहून पुण्याला ये-जा, खंबाटकीचा चढ, पुण्यातल्या सिग्नलवरची रखडपट्टी आणि डिसेंबरातल्या गारठलेल्या सकाळी, सगळं याच तेलावर झालं. आता सांगण्यासारखं बरंच जमलंय.

ज्यांनी २००९च्या सुमारास आलेली यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनाची बुलेटच वापरलीय त्यांच्यासाठी आधी थोडं. त्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात. मद्रासला १९५५ पासून बनत आलेल्या जुन्या बुलेटमध्ये तिघांचे संसार वेगळे. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्समधलं ग्रीस वेगळं आणि डाव्या बाजूच्या त्या लांबट कव्हरच्या, म्हणजे प्रायमरीच्या, आतलं तेल वेगळं. त्या कव्हरच्या आत इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी दुहेरी चेन, स्वतः क्लच आणि अल्टरनेटर अशी तीन महत्त्वाची माणसं एकाच तेलात बसलेली असतात. तरीही सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिन ऑइल आवर्जून बदललं जातं आणि हे तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. माझ्या गाडीत तर आधीच्या मेकॅनिकनं अंदाजानं ओतलेलं तेल मापापेक्षा बरंच जास्त निघालं.

मूळ तक्रार क्लच चिकटण्याची, म्हणजे दाबला तरी प्लेटा एकमेकींपासून न सुटण्याची होती. सकाळी पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज व्हायचा आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे उडी मारायची. न्यूट्रल सापडायचं नाही. जुने बुलेटवाले सुरू करण्याआधी क्लच दाबून एक-दोन रिकाम्या किका मारतात, ते चिकटलेल्या प्लेटा सुटाव्यात म्हणून. बुलेटची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनाकडे जाते, त्यामुळे क्लच नीट सुटला नाही तर गिअरला त्रास आणि घसरू लागला तर किकच पोकळ जाते. क्लचचं आरोग्य बुलेटमध्ये पहिल्या किकेपासून कळतं ते असं.

तेल बदलताना माझ्या मॉडेलला खाली ड्रेन बोल्ट नाही, म्हणून कव्हर काढावंच लागतं. डाव्या बाजूचा फुटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढला, खाली पसरट घमेलं ठेवलं आणि मधला एकमेव मोठा नट सोडला. सगळं कव्हर त्या एका नटावर. ओढलं की काळं तेल भसकन येतं, त्यामुळे जमिनीवर जुनं पोतं अंथरलेलं बरं. आत हात घातलाच आहे तर चेनचा ताण बघावा. चाक फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधायची आणि तिथे चेन वर-खाली साधारण पाव इंच हलली पाहिजे. माझी त्याहून सैल होती, टेन्शनरनं ती बसवली. क्लच प्लेटा काढून पेट्रोलनं धुतल्या आणि पुसल्या.

कव्हरच्या खाचेत बसणारं रबर नवीन घेतलं. हे फारच स्वस्त आहे आणि जुनं परत वापरण्यात काही अर्थ नाही. खाचेत ग्रीसचं बोट फिरवून रबर बसवलं, म्हणजे कव्हर लावताना ते खाली सरकत नाही. नटाखालचा वायसरही नवा टाकला. आणि एक विनंती, नट पान्याला लोंबकळून आवळू नका. कव्हर वाकतं आणि मग कितीही रबर बदला, कडेनं तेल झिरपतच राहतं. गळतीवर जोर लावणं हा उपायच नाही, पण गॅरेजमध्ये तेच होताना दिसतं.

आता मुख्य काम, म्हणजे पातळी. चारशे-सव्वाचारशे मिलिलीटरच्या आसपास तेल बसतं, पण बाटलीवर विसंबू नये. गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला उभी करायची, इंजिन थंड हवं. कव्हरच्या खालच्या अंगाला लेव्हलचा छोटा स्क्रू असतो, तो काढायचा आणि वरच्या झाकणातून नरसाळ्यानं सावकाश ओतत राहायचं. भोकातून तेलाची धार सुरू झाली की थांबायचं. धार थेंबांवर येऊ द्यायची, थेंब थांबले की स्क्रू परत लावायचा. स्क्रूखालच्या फायबरच्या वायसरकडेही लक्ष द्या, तो फाटला की खालची फरशी रोज ओली. मग क्लचच्या केबलला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली आणि गाडी बाहेर काढली.

पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला. सकाळचा खाडकन आवाज अगदी हलका झाला, न्यूट्रल सिग्नलवर उभ्या उभ्या सापडू लागलं. डिसेंबरात, जेव्हा २०डब्ल्यू-५० घट्ट होऊन प्लेटा धरून ठेवायचं, तेव्हा हा फायदा सगळ्यात जास्त कळला. किक पोकळ गेली नाही. दोघं बसून खंबाटकीचा चढ चढताना क्लच स्लिप मारेल ही भीती होती, तीही खोटी ठरली. मात्र माझं प्रामाणिक मत सांगतो, या सगळ्याचं निम्मं श्रेय तेलाला आणि निम्मं धुतलेल्या प्लेटा, बसवलेली चेन आणि बरोबर पातळी यांना. पातळी ओव्हर असेल तर जगातलं सगळ्यात महाग तेल घातलं तरी क्लच चिकटणारच.

कोणतं एटीएफ, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. जुन्या बुलेटसाठी टाइप-एफ चांगलं मानतात, कारण त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं नसतात आणि प्लेटा घट्ट धरतात. आमच्याकडच्या दुकानात ते मिळालं नाही, म्हणून डेक्सरॉन-थ्री घेतलं. माझ्या साध्या ३५० ला ते पुरलं. इंजिन ऑइलच घालायचं असेल तर बाटलीवर जासो एमए (तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं मानांकन) लिहिलेलं बघून घ्या. कारसाठीचं घसरट तेल किंवा एमबी लिहिलेलं स्कूटरचं तेल ओल्या क्लचला चालत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडला तो याचा लाल रंग. बुलेटखाली थेंब दिसला की तो नेमका कुठला, हे शोधण्यात लोक आख्खा रविवार घालवतात. आता खाली तपकिरी डाग असेल तर तो इंजिनाचा, लाल असेल तर प्रायमरीचा. पावसाळ्यात फुटरेस्टच्या मागे लालसर ओल दिसली आणि शोध थेट अल्टरनेटरच्या वायरी जिथून बाहेर पडतात त्या रबरी ग्रॉमेटपर्यंत गेला. एटीएफ पातळ असल्यामुळे जाड तेल जिथून झिरपत नाही तिथून हे झिरपतं. नवं ग्रॉमेट आणि थोडा सीलंट लावल्यावर थांबलं.

लेव्हलचा स्क्रू मी अधूनमधून काढून बघतो आणि तेल कमी झालंय का, एवढंच बघत नाही. भोकातून धार लागली आणि तेल काळसर दिसलं तर इंजिनाचं तेल क्रँकच्या ऑइल सीलमधून प्रायमरीत येतंय, असं समजावं. इंजिनातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप तुंबला तरी इंजिनातला दाब तेल तिकडे ढकलतो, म्हणून सील बदलण्याच्या खर्चात पडण्याआधी तो मोकळा आहे का हे बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. माझ्याकडे दिवाळीनंतर रंग लालवरून तांबूस झाला होता, तो प्लेटांच्या भुकटीचा. पातळी जागच्या जागी होती.

एक गोष्ट नावडती आहे. उन्हात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी खूप तापली की चेनचा खळखळ आवाज पूर्वीपेक्षा थोडा जास्त येतो. ताण परत तपासला, तो ठीक होता, म्हणजे आवाज पातळ तेलाचाच. ज्यांची चेन आधीच जुनी झालीय त्यांनी आधी चेन बदलावी. नुसतं तेल बदलून तो आवाज वाढेलच.

सेल्फ-स्टार्टवाल्या आणि डाव्या पायाला गिअर असलेल्या जुन्या मॉडेलांचं कव्हर वेगळं असतं आणि तेलाचं मापही वेगळं. तिथे वरचा आकडा धरू नका, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं माप बघूनच तेल ओता.