ला त्राव्हिआता : झेफिरेल्लीचा की साल्झबर्गचा?

कालिदास कलामंदिरातलं एकही संगीत नाटक न चुकवणाऱ्या आमच्या नाशिकच्या मावशींचा प्रश्न: इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘ला त्राव्हिआता’ हा ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारं नाटक, कोणत्या रूपात बघू?

दिग्दर्शक झेफिरेल्लीचा १९८०च्या दशकातला चित्रपट म्हणजे झुंबरं, महाल, भरजरी पोशाख. कथा झटकन कळते. पण गाणं आधीच ध्वनिमुद्रित. कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलतात. तरी नायिका झालेल्या गायिका तेरेसा स्ट्राटासचा अभिनय काळजाला भिडतो. जोडीला नायक म्हणून गायक प्लासिडो डोमिंगो.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग महोत्सवाचा २००५चा प्रयोग थेट रंगमंचावर चित्रित. मंच जवळजवळ रिकामा, एक अवाढव्य घड्याळ आणि लाल पोशाखातली आना नेत्रेब्को. तिथे गळा, श्वास, अभिनय सगळं एकाच क्षणाचं! रोलान्डो व्हियासॉनही जीव ओतून गातो.

घरच्यांसोबत पहिल्यांदाच बघणार असाल तर चित्रपट. कान तयार असतील तर साल्झबर्गच. मावशींना मी तेच सांगितलं.