नऊ महिन्यांनंतर: ९६ चा कन्व्हर्टर, पण ९६ दाखवणारा दिवा नाही

आईचं गाणं रेकॉर्ड करायला नऊ महिन्यांपूर्वी एक यूएसबी ऑडिओ कन्व्हर्टर घेतला, म्हणजे माइकचा आवाज मोजून त्याचे आकडे लॅपटॉपला देणारं यंत्र. गेल्या आठवड्यात तिच्या रियाजाची एक फाईल ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम लावला, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज किती आहे हे दाखवणारं चित्र. फाईल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची: आवाज सेकंदाला ९६ हजार वेळा मोजलेला, प्रत्येक मोजमाप २४ बिटचं. मोजणीच्या दराच्या निम्म्यापर्यंतचा आवाज फाईलीत मावतो. म्हणजे ४८ किलोहर्ट्झपर्यंत काही ना काही दिसायला हवं, निदान माइकची बारीक सूं तरी. पण २४ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि तिच्या वर मिट्ट काळोख. आदल्या दिवशीची फाईल उघडली, तीही तशीच. फेब्रुवारीपासूनच्या सगळ्याच तशा.

एकूण ३१ तास. दोन चॅनेलचं असं रेकॉर्डिंग तासाला जवळजवळ २ जीबी खातं. म्हणजे ६४ जीबी, आणि त्यातली निम्मी जागा फुकट. हार्ड डिस्कला मी पैसे मोजलेत, त्यामुळे हे डोक्यातून जात नाही.

हा कन्व्हर्टर २६ हजारांना घेतला, कारण आई ७१ वर्षांची आहे आणि तिचा आवाज अजून जागेवर आहे. एक माइक तिला, एक तिच्या मिरजेच्या तानपुऱ्याला. २४ बिटचा फायदा पहिल्याच दिवशी कळला. पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवतो; शून्याच्या वर गेली की आवाज फाटतो. आई तार षड्जावर गेली तरी वर भरपूर जागा उरते, आणि मंद्रातलं दबलेलं गाणं खरखरीत बुडत नाही. जुन्या १६ बिटच्या रेकॉर्डरवर पातळी वर ठेवावी लागायची आणि नेमकी चांगली तान फाटायची. एवढ्यासाठी मी हे यंत्र कुणालाही घ्यायला सांगेन.

दुसऱ्या महिन्यात आई हेडफोन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अरे, मागे कोण बेसूर धरून बसलंय?" मला काहीच ऐकू येत नव्हतं, मीटरवरही दिसत नव्हतं. दोन दिवसांनी सापडलं. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असला की विजेची गुणगुण यूएसबीतून आत शिरत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. आई काळी चारमध्ये गाते, तिचा खरज साधारण १०४ वर. त्याच्या अगदी खाली चिकटून ही १०० ची गुणगुण. तिला ती उतरलेल्या खरजासारखी टोचत होती. तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवरच.

फेब्रुवारीत यूएसबीचं सॉकेट ढिलं झालं. सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे घेतले, २,२०० रुपये घेतले (हे वॉरंटीत बसत नाही म्हणे) आणि यंत्र देताना ड्रायव्हर काढून नव्याने टाकायला सांगितलं. परवा या काळोखाबद्दल फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकूच येत नाही, मग काय फरक पडतो?" अहो, मग खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ कशाला छापलंय?

इथवर रविवारी लिहिलं होतं. आज दुरुस्ती करतो, कारण कन्व्हर्टरचा यात दोष नाही. ड्रायव्हर नव्याने टाकला तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली एएसआयओची (कन्व्हर्टरशी थेट बोलणाऱ्या वाटेची) निवड पुसली गेली आणि ते गुपचूप ऑपरेटिंग सिस्टिमच्या साध्या वाटेने आवाज घेऊ लागलं. त्या वाटेवरचा मोजणीचा दर ४८ किलोहर्ट्झला लावलेला होता. कन्व्हर्टर ४८ ने मोजत होता, ऑपरेटिंग सिस्टिम त्याचे ताणून ९६ करत होती, आणि फाईलवर ९६ लिहिलं जात होतं. एएसआयओ पुन्हा निवडल्यावर रेघ गेली. आवाज वाया गेला असंही म्हणणार नाही. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या टेपा जतन करायला किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच सांगते, आणि तेवढं माझ्याकडे आहे. ऐकताना मलाही फरक कळत नाही.

तरीही एक गोष्ट सोडवत नाही. या यंत्राच्या तोंडावर बारा दिवे आहेत: पातळीचे पाच-पाच, माइकला पुरवल्या जाणाऱ्या ४८ व्होल्ट विजेचा एक, यूएसबीचा एक. आपण आत्ता कोणत्या दराने चाललो आहोत हे सांगणारा एकही नाही. स्टुडिओतल्या कितीतरी जुन्या रॅकच्या कन्व्हर्टरांवर ४४.१, ४८, ८८.२, ९६ असे दिवे ओळीने असायचे, मान वळवली की कळायचं. इथे एक रंग बदलणारा दिवा पुरला असता. यूएसबीचाच दिवा ९६ ला निळा झाला असता तर यंत्र दुरुस्त होऊन आलं त्याच्या पहिल्याच सकाळी मला कळलं असतं. २६ हजारांच्या वस्तूत एवढं का नसावं? कंपनीला लिहिलंय, उत्तर नाही.

तोवर मी वेगळी सोय केली आहे. रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी माइकसमोर घराच्या किल्ल्यांचा जुडगा हलवतो. किल्ल्यांच्या खणखणाटात २० च्या वरचंही पुष्कळ असतं. दहा सेकंदांचा तुकडा उघडायचा, २४ च्या वर पांढरे फटकारे दिसले की चालू. आई तेवढा वेळ तानपुरा मांडीवर घेऊन, जवारीचा दोरा चिमटीत धरून थांबते. "झाल्या का रे किल्ल्या?" असं विचारते, आणि मी हो म्हटलं की पंचम छेडते.